चित्रात कान नव्हते

भोसरी, ३ फेब्रुवारी २०२५

आक्का,

रामनाथच्या पिकअपमधून सहा ट्यूब पाठवल्या आहेत. हे सोळावं पार्सल. या वेळी झाकण निळं आहे, कारण आतलं मलम बदललं आहे. म्हणून हे पत्र.

लावायची पद्धत तीच, पहिल्या पार्सलमधल्या चित्राप्रमाणे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत मलमाची एकेक रेघ. तेवढं सगळं चेहऱ्याला आणि गळ्याला. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी. दर दोन तासांनी पुन्हा. घाम पुसलास तर लगेच पुन्हा. ट्यूब पत्र्याखाली ठेवू नकोस, माठाजवळ ठेव.

आता काय बदललं ते.

पुष्कळांना वाटतं की मलम आरशासारखं ऊन परतवतं. हे मलम तसं करत नाही. ते ऊन गिळतं. उन्हातला जो भाग डोळ्यांना दिसत नाही पण कातडी भाजतो, त्याला अतिनील म्हणतात. मलमाचा रेणू तो झेलतो, क्षणभर अस्वस्थ होतो, आणि झेललेलं सगळं किंचित उष्णता करून सोडून देतो. मग पुन्हा होता तसा. हा 'क्षणभर' किती, तर एका सेकंदाचे दहा लाख भाग कर, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख. त्यातले मोजके.

आई तव्यावरची भाकरी हाताने उलटते आणि भाजत नाही. हात जाड आहे म्हणून नव्हे. आच लागायच्या आत हात तिथून निघालेला असतो म्हणून. रेणूचंही तेच. तो टिकतो कारण तो रेंगाळत नाही.

जुन्या मलमातलं द्रव्य, अव्होबेन्झोन, कधीकधी रेंगाळायचं. रेंगाळलेला रेणू मोडायचा, आणि मोडला की त्याच्या जागी भोक. त्याला सांभाळायला आम्ही सोबत दुसरं द्रव्य घालायचो, जे त्याच्या हातातला निखारा काढून घ्यायचं. नव्यात बेमोट्रिझिनॉल आहे. त्यात हायड्रोजनचा एक अणू ऊन लागताच शेजारच्या नायट्रोजनकडे जातो आणि लगेच परत येतो. जाण्यायेण्यात सगळी ऊर्जा खर्च होते. मोडत काही नाही.

आज मी काचेच्या पट्टीवर त्याचा थर देऊन चार तास दिव्याखाली ठेवला. जुन्याचा आलेख खाली उतरायचा. हा उतरला नाही. पहिल्या मिनिटाची रेघ आणि दोनशेचाळिसाव्या मिनिटाची रेघ एकमेकींवर बसल्या. मला वाटलं यंत्र अडकलं आहे. पुन्हा केलं. तेच.

तू हे वापरतेस की नाही, मला माहीत नाही. रामनाथ फक्त "दिलं" म्हणतो.

जाड पेनने, एका पानावर नऊ ओळी लिहिते आहे. कागद नाकाला लावावा लागत असेल तर सात करीन.

सुप्रिया


भोसरी, १० मार्च २०२५

आक्का,

उत्तराची अपेक्षा नव्हती. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे.

सातवीत असताना मी तुला विज्ञानाचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचे. आबा आणि आई दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाखाली कोकणात उतरायचे. घरात आपण दोघीच, दार लावून. चौथीत तू शाळा सोडली होतीस, कारण तुला फळा दिसायचा नाही आणि बाईंना ते पटायचं नाही. प्रकाशाचा धडा झाल्यावर तू विचारलंस, "ऊन किती पडतं गं? मोजता येतं का?" मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "लई पडतं."

सोळा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मी ते मोजलं.

मार्चच्या दुपारी, तुझ्या नखाएवढ्या जागेवर, एका सेकंदात अतिनील किरणांचे साधारण एक कोटी अब्ज कण येऊन पडतात. एका नखावर. एका सेकंदात. आणि त्यातला एकेक कण सूर्यापासून निघून आठ मिनिटं न थांबता आलेला असतो, म्हणजे तू चूल पेटवायला घेतलीस तेव्हा निघालेला.

त्याच्या वाटेत आपण काय ठेवतो? केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा पातळ थर. त्या थरात, त्याच नखाएवढ्या जागेत, किती रेणू आहेत हेही मोजता येतं. मग भागाकार केला. मला वाटलं होतं, एकेका रेणूवर सेकंदाला हजारो कण आदळत असतील. उत्तर आलं : एका रेणूच्या वाट्याला पाऊण मिनिटाला एक.

म्हणजे तो झेलतो, निमिषाच्या अब्जाव्या भागात मोकळा होतो, आणि मग पाऊण मिनिट नुसता उभा असतो. दोन तासांत दीडशे वेळा. बाकी सगळा वेळ वाट पाहणं. मी खुर्चीवर टेकून बसले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं म्हणून बरं.

माझ्या कातडीत हे काम करायला मेलॅनिन आहे. मी ते मिळवलं नाही, मागितलं नाही, जन्मतःच होतं. तुझ्या शरीराने ते बनवलं नाही. गावात तुला सूर्यमुखी म्हणतात. ज्या माणसाला सूर्याकडे तोंड करता येत नाही त्याला हे नाव कुणी दिलं, मला आजवर कळलेलं नाही.

आबांच्या काळ्या घोंगडीचा हातभर तुकडा माझ्याकडे आहे. तोही यंत्रात ठेवला. पलीकडे काहीच गेलं नाही. आकडा इतका लहान आला की यंत्राने तो लिहायला नकार दिला. आमच्या कुठल्याही ट्यूबपेक्षा घोंगडी सरस आहे. फक्त मे महिन्यात ती अंगावर घेऊन कुणी कांदा काढू शकत नाही.

२२ मार्चला ओतूरच्या मंगल कार्यालयात आमची पाहणी आहे. शेतात काम करणाऱ्या बाया मलम प्रत्यक्षात किती आणि कुठे लावतात, हे आम्ही एका कॅमेऱ्याने बघणार आहोत. सकाळी नऊ ते एक. हे कळवते आहे. बोलावते आहे असं नाही.

सुप्रिया


ओतूर, २३ मार्च २०२५

आक्का,

काल जे झालं ते क्रमाने लिहिते, कारण मला तसंच लिहिता येतं.

दहा वाजेपर्यंत एकवीस बाया झाल्या होत्या. तो कॅमेरा फक्त अतिनील बघतो. मलम जिथे आहे तिथे ते किरण गिळले जातात, परत येत नाहीत, म्हणून पडद्यावर ती जागा काळी दिसते. ज्या बाईने जेवढं लावलं तेवढी ती काळी. सोनीबाईंनी फक्त गालांवर लावलं होतं. पडदा बघून त्या ओरडल्या, "आगं बया! म्या काय तव्याचं बूड हाय का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "नवरा वळखायचा न्हाई तुला."

"त्यो तसाबी वळखत न्हाई!"

हशा चालू असतानाच तू आत आलीस. अंगावर घोंगडी, डोळ्यांवर काळा चष्मा. हशा थांबला. तुला त्याची सवय आहे, मला माहीत आहे. मला नाही.

तू रांगेत उभी राहिलीस. सोनीबाईंनी जागा दिली तर म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या मावशी, नंबर आला का जाईन." अठरा मिनिटं उभी होतीस. मी घड्याळ बघत होते.

स्टुलावर बसलीस तेव्हा मी माहितीचा कागद पुढे घेतला. "नाव?"

"म्हाईत न्हाई व्हय तुमाला?" मग तूच म्हणालीस, "झुंबर. लिवा."

"वय?"

"छत्तीस."

"सख्खी भावंडं किती?" हा प्रश्न कागदावर आहे, सगळ्यांना विचारतो, कातडीचे आजार घरात असतात म्हणून.

तू चष्मा काढलास. तुझे डोळे हलतात, एका जागी ठरत नाहीत. पण त्या वेळी मला वाटलं की ठरले. म्हणालीस, "मी एकटीच हाय, मॅडम."

सांगणारी सांगेल ते लिहायचं असा नियम आहे. मी शून्य लिहिलं.

मग कॅमेरा. आक्का, मी हे काम सहा वर्षं करते आहे. शेकडो चेहरे पाहिले आहेत. कडेला सुटलेले, डोळ्यांखाली सुटलेले, नाकावर पुसले गेलेले. तुझा चेहरा पडद्यावर आला आणि माझ्या शेजारचा सहकारी उठून उभा राहिला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, नाकपुड्यांच्या बेचक्यांसकट, पापण्यांसकट, गळ्याच्या खळगीपर्यंत एकसारखा, अखंड काळा. कुठे ओघळ नाही, कुठे भोक नाही. पांढरीशुभ्र तू, आणि पडद्यावर कातळासारखी.

"आता बोला!" सोनीबाई म्हणाल्या. "ही तर समद्यांत काळी निगाली!"

तू पडद्याला नाक लावून बघितलंस. बराच वेळ. "ही मी?"

"हो."

"तुज्यापरीस काळी दिसती." चार वर्षांत पहिल्यांदा तू मला 'तू' म्हणालीस. मग लगेच : "सोळा डाव पाठवलंस. म्हटलं, लागतंय का न्हाई ते तरी बगून यावं."

म्हणजे तू वापरत होतीस. सगळ्या.

आणि तेव्हाच मला कान दिसले. त्या काळ्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे तुकडे, दिवे लावल्यासारखे. उजव्याच्या वरच्या कडेवर एक डाग. मी कॅमेरा सोडून जवळ आले. सहा मिलिमीटर. मध्ये खपली, कडा उचललेली.

"चष्म्याची काडी घासती. दोरा गुंडाळलाय मी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. आबा-आई खाली गेली त्याच आठवड्यात. खपली पडती, परत धरती. हळद लावते."

"डॉक्टरांना दाखवायला पाहिजे."

"काडीच्या घासण्याला डागतर?" तू चष्मा चढवलास आणि घोंगडी ओढून निघून गेलीस. रामनाथ बाहेर गाडीत होता.

आक्का, ती काडी नाही. काडी कानाच्या मागे बसते. डाग वरच्या कडेला, पुढच्या अंगाला आहे. पाच महिने न भरणारी जखम, उन्हाच्या जागी, तुझ्या कातडीवर. मी डॉक्टर नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पण वाट बघायची नाही. पुण्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांची १ एप्रिल, सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे. रामनाथला सांगितलं आहे.

एक गोष्ट मला समजत नाही. चेहरा इतका काटेकोर लावणाऱ्या बाईने कानच कसे सोडले?

सुप्रिया


भोसरी, २६ मार्च २०२५

आक्का,

मागच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मागे घेते. उत्तर सापडलं.

जून २०२१मधलं ते चित्र माझ्या संगणकात आहे. काल उघडलं. तुला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी लिहिण्याऐवजी पानभर चेहरा काढला होता. कपाळाला आकडा एक, नाकाला दोन, गालांना तीन आणि चार, हनुवटीला पाच, गळ्याला सहा. खाली लिहिलं होतं : 'चित्रात आहे तिथे सगळीकडे लाव.'

चित्रात कान नव्हते.

विसरले, असं लिहायला घेतलं होतं. ते खरं नाही. मला कान काढता येत नाहीत. दोनदा काढले, बटाट्यासारखे झाले, खोडले. नंतर मला तो गोल चेहरा नीटनेटका वाटला आणि तसाच पाठवला. मापाने मलम देणारी, रेणूंचा भागाकार करणारी मी, चित्र बरं दिसावं म्हणून तुझे कान पुसून टाकले. तू ते चित्र पावणेचार वर्षं अक्षरशः पाळलंस. तू काम करताना पदर कानामागे खोवतेस, निसटू नये म्हणून. हे मी लहानपणापासून बघितलं आहे. म्हणजे चेहरा मलमाने झाकला जायचा आणि कान उघडेच राहायचे. पडद्यावरची काळ्या-पांढऱ्याची सीमा माझ्या पेन्सिलच्या रेघेवर होती, मिलिमीटरही इकडेतिकडे नाही. मी दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून बघितली.

मलमाने काम केलं. चूक माझी.

आता दुसरी. ती याहून जुनी आहे.

मला बघायला पेठचे पाहुणे आले त्या दिवशी, त्यासाठीच घाटाखालून वर आलेल्या आईने तुला मागच्या खोलीत बसायला सांगितलं. मी तिथेच होते, बांगड्या घालत होते. मी काही बोलले नाही. त्या बाईंनी विचारलं, "भावंडं किती?" आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मी एकटीच." आवाज स्वच्छ होता. मागच्या खोलीची भिंत विटांची एकेरी आहे.

त्यांचा होकार आला होता, हे तुला माहीत आहे. नंतर मी नाही म्हटलं, का ते कुणाला सांगितलं नाही. त्याने काही भरून निघत नाही, म्हणून तुलाही सांगत नव्हते.

एक हिशेब मात्र लिहिते. तुझ्या कातडीत जे उतरलं त्याचा एक वाटा माझ्यातही असण्याची शक्यता तीनांत दोन आहे. ते पाहुणे ज्याला भ्याले असते ते मागच्या खोलीत नव्हतं. ते समोर चहा देत बसलं होतं.

त्यानंतर चार महिन्यांनी मी पहिलं पार्सल पाठवलं. त्यात मलम होतं, चित्र होतं, माफी नव्हती. मी नेहमी काहीतरी पाठवते ज्याची मात्रा ठरवता येते.

१ तारखेला जा. माझ्यासाठी नको. मी दवाखान्यात नको असेन तर बाहेर थांबेन.

सुप्रिया


भोसरी, ११ एप्रिल २०२५

आक्का,

काल तू फोनवर म्हणालीस, "तोंडानं सांगू नको, लिवून दे. कागद मला दोनदा वाचता येतो." म्हणून लिहिते.

१ तारखेला डॉक्टरांनी कानाचा जो कण काढला त्याचा अहवाल आला. कातडीचा कर्करोग आहे. वरच्या थरातून निघालेला, लहान, खाली कूर्चेपर्यंत गेलेला नाही. गाठी नाहीत. काढला तर बहुधा एवढ्यावर संपतो. 'बहुधा' हा शब्द डॉक्टरांचा आहे. मी तो गाळणार नाही. नाही काढला तर तो थांबणार नाही. यात 'बहुधा' नाही.

काढायचं म्हणजे कानाच्या वरच्या कडेची पाचर कापायची आणि दोन्ही कडा जुळवून शिवायच्या. कान साधारण आठ-दहा मिलिमीटरने लहान होईल. ऐकण्यावर परिणाम नाही. १७ एप्रिल, गुरुवार.

तू म्हणालीस, "कान कापून घ्यायचा न्हाई. आधीच लोक बगत्यात. आता कानकापी म्हनतील." मला सुचलेलं उत्तर आकड्यांचं होतं.

तुझा एक प्रश्न राहिला होता : "एवढंसं ऊन, कानाच्या पाळीवर, ते आत जाऊन करतं तरी काय?"

प्रत्येक पेशीत एक लांब, दुपदरी दोरा असतो. त्यावर चारच अक्षरांत, तीनशे कोटी अक्षरं लिहिलेली असतात. आपण कसे आहोत ते सगळं. ऊन त्यातली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवतं. एका दुपारी, एका पेशीत, हजारो ठिकाणी. आणि हे वाचताना मी दरवेळी थांबते : शरीर ती शोधतं. दोऱ्यावरून चालत जातं, चिकटलेली जागा ओळखतं, कापून टाकतं, समोरच्या पदरावर बघून बरोबर अक्षरं पुन्हा लिहितं. रोज. तुझ्या कानात छत्तीस वर्षं, मेलॅनिनची कसलीही मदत नसताना, कोट्यवधी पेशींत ही दुरुस्ती चालू होती. त्यातली एक पेशी चुकली. माझा अवाक होण्याचा विषय ती चुकलेली एक नाही. बाकीच्या आहेत.

तुझं शरीर दुबळं आहे, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं. ते खोटं आहे. माझ्या शरीराने याच्या दहाव्या हिश्श्याएवढंही काम केलेलं नाही.

बाकी आपलं बोलणं झालं तेही लिहून ठेवते. चित्राबद्दल तू म्हणालीस, "मला वाटलं कानाला लागत नसंल. शिकलेल्या माणसानं काढल्यालं चित्र." आणि : "चूक कुनाची म्हनालीस?" मी म्हणाले, माझी. "ह्या चुकीला तीन दिस लागलं तुला. त्या चुकीला चार वर्सं."

आणि शेवटी : "कागदावर लई आक्का आक्का लिवतीस. कागद मीच वाचते. गावानं कवा ऐकलं?"

याला मी फोनवर उत्तर दिलं नाही. इथेही देत नाही. कागदावर द्यायचं उत्तर नाही ते.

आबांना आणि आईला कळवू नकोस म्हणालीस, कळवत नाही. पण १७ तारखेला तू आली नाहीस तर मी त्या दिवशी कोकणात उतरून त्यांना शोधून काढीन. ही धमकी आहे. मोजूनमापून दिलेली.

सुप्रिया


भोसरी, ४ मे २०२५

आक्का,

तपासणीचा अंतिम अहवाल काल दुपारी मिळाला. सगळ्या कडा स्वच्छ. चारी बाजूंनी निरोगी कातडीचं कुंपण, सर्वांत अरुंद जागी चार मिलिमीटर. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं. टाके पूर्ण भरेपर्यंत उजव्या कुशीवर झोपू नकोस.

रामनाथ सांगत होता की पदर आता उजव्या कानावर ठरत नाही, सारखा घसरतो, आणि तू त्याला म्हणालीस, "मॅडमला सांग, कान काढाय जमत न्हाई तर पदराला आकडा तरी करून दे." त्याने हे मला हसू न येऊ देता सांगायचा प्रयत्न केला. सुती कापडाची, मागे झालर असलेली टोपी शिवायला टाकली आहे. दोन्ही कान आत जातात.

आता जे सांगायला बसले ते.

अहवाल घ्यायला गेले तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमनी माझं काम विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग या, तुम्हाला एक दाखवते." त्यांनी तुझ्या कानाचा एक काप, केसाहून पातळ, काचपट्टीवर घेऊन त्याला एक खास रंग दिला होता. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी ओळखायचा रंग. तो लावायची गरज नव्हती. त्यांनाच बघायचं होतं.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मला वाटलं, तुझ्यात त्या पेशीच नसतील. आजवर मी असंच धरून चालले होते. शिकलेलं वेगळं, आणि मनात धरलेलं वेगळं. 

त्या आहेत, आक्का.

कातडीच्या तळाच्या ओळीत, ठरावीक अंतरावर, एकेक. माझ्या कातडीत जेवढ्या असतील तेवढ्याच. प्रत्येकीला झाडाच्या फांद्यांसारखे हात, आणि ते हात आजूबाजूच्या पेशींपर्यंत पोचवलेले. कारण मेलॅनिन बनवून झालं की त्या हातांनी ते शेजाऱ्यांना वाटायचं असतं. शेजारच्या पेशी त्याची छत्री करून आपल्या दोऱ्यावर धरतात. तुझ्या पेशींकडे वाटायला काही नाही. एक अक्षर चुकलं आहे, म्हणून भट्टी पेटत नाही. पण त्यांनी जागा सोडलेली नाही. हात मागे घेतलेले नाहीत. छत्तीस वर्षं त्या रिकामे हात पुढे करून उभ्या आहेत.

मी बराच वेळ बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, "ही पेशंट तुमची कोण?" 

मी सांगितलं. आवाज स्वच्छ नव्हता. 

बाहेर येऊन रिक्षा न करता चालत निघाले. दुपारचा एक वाजला होता, मे महिना, डोक्यावर ऊन. माझ्या हातांवर पडत होतं. नखाएवढ्या जागेवर सेकंदाला एक कोटी अब्ज. आणि माझ्या हाताला काही कळतही नव्हतं. कुणीतरी माझ्यासाठी ते झेलत होतं, मी न सांगता, माझ्याकडून काही न घेता. लहानपणी मी अंगणात खेळायचे आणि तू उंबऱ्याच्या आत, सावलीच्या शेवटच्या रेघेवर बसून मला हाका मारायचीस, "सुपे, डोक्यावर फडकं घे." मला तेव्हा वाटायचं, हिला बाहेर येता येत नाही म्हणून ही मलाही आत ओढते.

रविवारी, ११ तारखेला, मी येते आहे. दहाच्या एसटीने. आबा-आई त्या आठवड्यात वर परततील. त्यांना कानाचं मीच सांगेन. पेठच्या पाहुण्यांचंही, तू समोर बसलेली असताना.

स्टँडपासून घरापर्यंत चालत येईन. वाटेत देवळाचा पार आहे, गिरणी आहे, रविवारी तिथे माणसं असतात. तू दारात येऊन उभी राहू नकोस, त्या वेळी आपल्या दारात ऊन असतं. दार लावून आत बस. मी पारापासूनच हाक मारायला सुरुवात करीन. आक्का म्हणून. गिरणी चालू असली तरी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

सुपी